एकच लाइन, दोन बिल्ले: कोरोला आणि प्रिझमचं प्रकरण

ड्रायव्हरच्या बाजूला, समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात डॅशबोर्डवर धातूची एक अरुंद पट्टी बसवलेली असते. तिच्यावर गाडीचा सतरा अक्षरी ओळख क्रमांक असतो. ऊन असेल तर काचेवर हाताचा आडोसा धरून, डोळे बारीक करून तो वाचावा लागतो. १९९० च्या दशकात अमेरिकेत विकली गेलेली एक टोयोटा कोरोला आणि जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीची एक जिओ प्रिझम शेजारी उभ्या करा. कोरोलाचा क्रमांक १एनएक्सने सुरू होत असेल आणि प्रिझमचा १वाय१ ने, तर दोन्ही गाड्या कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट इथल्या एकाच कारखान्यातून बाहेर पडल्या आहेत. इंजिन, गिअरबॉक्स आणि सस्पेन्शन एकच. बोल्ट आवळणारे हातही तेच. फरक होता तो बाहेरच्या पत्र्यात, दिव्यांत, रेडिओत आणि बिल्ल्यात.

‘देशी गाडी की परदेशी’ हा अमेरिकन गाडीवेड्यांचा कित्येक दशकांचा वाद आहे, आणि त्यात ही जोडी दोन्ही बाजू पुरावा म्हणून काढतात. देशी गाड्यांचे कैवारी म्हणतात, बघा, तीच गाडी असूनही नाव जपानी असलं की कौतुक आणि अमेरिकन असलं की नाकं मुरडणं. मासिकवाले विकले गेले आहेत, दुसरं काय! दुसरी बाजू म्हणते, शेवटी टोयोटाची गाडी टोयोटाच निघाली, यात जनरल मोटर्सचं कर्तृत्व काय? एकाच पुराव्यावरून दोघेही जिंकल्याचं सांगत असतील तर तो पुरावा नीट तपासलेला नाही असं समजावं. म्हणून हे प्रकरण मुळापासून.

कारखाना

जनरल मोटर्सचा फ्रीमाँटचा कारखाना १९८२ मध्ये बंद पडला. त्याची ख्याती वाईट होती. रोजचे पाचातले एक कामगार गैरहजर, कामावर दारू, युनियनच्या तक्रारींचे ढीग. काळही बरा नव्हता. १९८१ पासून जपानी कंपन्यांनी ‘स्वेच्छेने’ (अवतरणचिन्हं माझी) अमेरिकेत वर्षाला १६.८ लाखांहून जास्त गाड्या न पाठवण्याची मर्यादा स्वीकारली होती. अमेरिकन मोटार कंपन्यांचं माहेर असलेल्या डेट्रॉइटकडे कामगार घरी बसत होते आणि युनियनच्या कार्यालयांबाहेर परदेशी गाड्या लावू नका अशा पाट्या लागल्या होत्या. त्याच वर्षी, जून १९८२ मध्ये, डेट्रॉइटच्या पोटातल्या हायलँड पार्क इथे व्हिन्सेंट चिन या चिनी वंशाच्या तरुणाचा बेसबॉल बॅटने जीव घेतला गेला. मारणाऱ्यांपैकी एक जण क्रायस्लर या मोटार कंपनीतला पर्यवेक्षक होता; जपानी गाड्यांवरचा राग चिनवर निघाला, असं तेव्हा मानलं गेलं. शिक्षा झाली ती तीन वर्षांची देखरेख आणि ३,००० डॉलर दंड. देशी-परदेशीचा वाद केवळ हौशी लोकांच्या गप्पांचा असतो असं ज्याला वाटतं, त्याने हे लक्षात ठेवावं. त्या काळी या वादाला रक्ताचा वास होता.

१९८३ मध्ये जनरल मोटर्सचे रॉजर स्मिथ आणि टोयोटाचे एजी टोयोडा यांनी एकत्र कारखाना काढण्याचं जाहीर केलं. जागा फ्रीमाँटचीच. नाव न्यू युनायटेड मोटर मॅन्युफॅक्चरिंग, लोकांच्या तोंडी ‘न्यूमी’. क्रायस्लरने आडकाठी घातली, कोर्टातही गेली. सरकारी व्यापार आयोगाने बारा वर्षांच्या मुदतीची अट घालून परवानगी दिली. दोघांचे स्वार्थ वेगळे होते. अमेरिकन कामगार आणि अमेरिकन पुरवठादार यांच्यासोबत आपली पद्धत चालते का, हे टोयोटाला स्वतःचा कारखाना काढण्याआधी पाहायचं होतं. जनरल मोटर्सला एक चांगली छोटी गाडी हवी होती, आणि जमलंच तर ती कशी बनवतात हेही शिकायचं होतं.

या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा तपशील इथे आहे. नव्या कारखान्यात घेतलेल्या सुरुवातीच्या कामगारांपैकी साधारण ८५ टक्के त्याच जुन्या, बदनाम कारखान्यातले होते. युनियनही तीच. शेकडो जणांना जपानमध्ये टोयोटाच्या ताकाओका कारखान्यात शिकायला धाडलं. परतल्यावर त्यांच्या डोक्यावर एक दोरी टांगलेली असे. काहीही चुकलं, एखादा बोल्ट तिरका बसला, एखादी सील दुमडली, की ती ओढायची. धून वाजते, फलकावर दिवा लागतो, गटाचा म्होरक्या धावत येतो. दिलेल्या वेळात काम सरळ झालं नाही तर लाइन थांबते. जुन्या फ्रीमाँटमध्ये लाइन थांबवणं म्हणजे गुन्हा होता. गाडी तशीच पुढे ढकलायची आणि शेवटी अंगणात दुरुस्तीला लावायची. आता तिथल्याच माणसाला सांगितलं जात होतं की थांबव, त्यासाठी तर दोरी दिली आहे.

इथली पहिली गाडी, जनरल मोटर्सच्या शेवरोले या नावाखालची नोव्हा, डिसेंबर १९८४ मध्ये बाहेर पडली. काही वर्षांतच एमआयटीच्या संशोधकांनी तीन कारखान्यांची तुलना केली. जनरल मोटर्सच्या फ्रेमिंगहॅममध्ये १०० गाड्यांमागे जोडणीचे १३० च्या आसपास दोष निघत, ताकाओकात ४५, आणि फ्रीमाँटमध्येही ४५. गैरहजेरी तर अगदीच किरकोळ उरली होती.

‘अमेरिकन कामगाराला जमत नाही’ हा परदेशी बाजूच्या भात्यातला लाडका बाण. तो इथेच मोडतो. पण तो मोडताना देशी बाजूचंही एक पितळ उघडं पडतं. कामगार तोच होता, मग आधीच्या गाड्या तशा का होत्या? उत्तर वरच्या मजल्यावरच्या ऑफिसांत शोधावं लागतं, आणि ते शोधायला कुणी फारसा उत्सुक नसतो.

बाजार

गाडी उत्तम बनली, पण विकली जाईना. नोव्हा ही दुसऱ्या बिल्ल्याखालची कोरोलाच. जपानमध्ये तिचं जुळं भावंड स्प्रिंटर या नावाने विकलं जाई, तिचाच पत्रा नोव्हाला मिळाला होता. तरी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मागणी इतकी घटली की कारखान्याची बरीच क्षमता पडून राहिली. कामगारांना काढलं नाही, हे विशेष; प्रशिक्षण आणि सुधारणांच्या कामाला लावलं. टोयोटाने आपली कोरोलाही १९८६ पासून इथे बनवायला घेतली होती, तिला मात्र गिऱ्हाइकाची वानवा नव्हती.

मग जनरल मोटर्सने जे केलं ते मला या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत बोलकं वाटतं. १९८९ मध्ये तिने ‘जिओ’ नावाचं वेगळं घराणंच काढलं. त्यात सुझुकीची मेट्रो आणि ट्रॅकर, इसुझूच्या गाड्या, आणि नोव्हाच्या जागी आलेली प्रिझम. विक्री शेवरोलेच्याच शोरूममधून, पण बिल्ला जिओचा. म्हणजे देशी कंपनीलाच आपलं देशी नाव ओझं वाटायला लागलं होतं आणि परदेशी वाटेल असा मुखवटा तिने स्वतःच चढवला. गंमत अशी की मुखवटा परका वाटावा इतका नवा होता आणि विश्वास बसावा इतका जुना नव्हता. १९९८ मध्ये प्रिझमला परत शेवरोलेचं नाव लावलं आणि २००२ मध्ये ती बंद झाली. या सगळ्या काळात कोरोला तिच्या कितीतरी पट खपत राहिली, आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात प्रिझमची किंमत कोरोलापेक्षा भराभर उतरत राहिली. १९९८ मध्ये अशाच जुळ्या गाड्यांच्या वापरलेल्या किमतींवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. यंत्र एकच असताना भाव वेगळे पडतात, आणि त्यामागे त्या नावाच्या बाकीच्या गाड्यांचा दर्जा असतो, असं त्यात दिसलं.

हे वाक्य पुन्हा वाचण्यासारखं आहे. प्रिझम घेताना गिऱ्हाईक प्रिझमकडे बघतच नव्हतं. त्याच्या डोळ्यांसमोर शेवरोलेचीच जुनी व्हेगा होती, सायटेशन होती. व्हेगाचं अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन तापून वाकायचं आणि पत्रा गंजायचा. सायटेशन १९८० मध्ये पहिल्याच मोसमात आठ लाखांवर खपली, आणि मग परत बोलावण्याच्या नोटिसांची रांग लागली. ब्रेकवरून तर सरकारने कंपनीला कोर्टात खेचलं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. त्याला पूर्वग्रह म्हणायचं तर म्हणा, पण तो वर्तमानपत्र वाचून आलेला नव्हता, गॅरेजची बिलं भरून आलेला होता.

मासिकवाले

आता मुख्य आरोपाकडे. माध्यमं जपानी गाड्यांच्या बाजूने झुकलेली होती का?

आधी जुना हिशेब. वर सांगितलेली व्हेगा ही मोटर ट्रेंड मासिकाची १९७१ ची ‘कार ऑफ द इयर’. सायटेशन १९८० ची. त्या मासिकात आयात गाड्यांसाठी बरीच वर्षं वेगळाच पुरस्कार होता. देशी आणि परदेशी एकाच पंगतीला बसवायच्याच नाहीत. तो भेद १९९९ नंतर मिटला. तेव्हा १९७०-८० च्या काळात कुणी कुणाला सांभाळून घेत असेल तर पारडं देशी बाजूला झुकलेलं दिसतं. यात लाचलुचपत शोधायची गरज नाही. मासिक जाहिरातींवर चालतं, चाचणीची गाडी कंपनी देते, आणि ती गाडी आठवडाभर चालवून परत करायची असते. आठवड्यात गंज चढत नाही. समीक्षक खोटं बोलत नव्हता. त्याला नवी गाडी दिसत होती आणि मालकाला चौथ्या वर्षीची.

दुसऱ्या टोकाला कन्झ्युमर रिपोर्ट्स. हे मासिक जाहिराती घेत नाही आणि चाचणीच्या गाड्या स्वतः दुकानातून विकत आणतं. देशी बाजूचा सगळ्यात जास्त राग याच मासिकावर, कारण विश्वासार्हतेच्या त्यांच्या तक्त्यांत जपानी नावं वर आणि देशी नावं खाली असायची. पण प्रिझमच्या बाबतीत हा राग टिकत नाही. प्रिझम म्हणजे आतून कोरोलाच, हे समीक्षक लपवत नव्हते. वापरलेली गाडी शोधणाऱ्याला ‘कमी पैशात कोरोला’ म्हणून तिचंच नाव सुचवलं जाई. छापलेल्या शब्दात एवढी ताकद असती तर प्रिझमच्या शोरूमबाहेर रांग लागायला हवी होती. मासिकं सांगत होती, घेणारा ऐकत नव्हता. माध्यमांच्या पक्षपाताने देशी गाड्या बुडाल्या, हा सिद्धांत मला इथे सगळ्यात लंगडा वाटतो.

मात्र एका ठिकाणी देशी बाजूच्या शंकेत तथ्य आहे, आणि ते लेखकांच्या मतांत नसून प्रश्नावलीत आहे. ते तक्ते मासिकाच्या वर्गणीदारांनी भरलेल्या उत्तरांवर बेततात. विचारलं जायचं ते असं: खर्च, बिघाड, सुरक्षितता किंवा गाडी अडकून पडणं यामुळे तुम्हाला गंभीर वाटलेल्या अडचणी कोणत्या? ‘तुम्हाला गंभीर वाटलेल्या’ या शब्दांपाशी थांबा. काय गंभीर हे गाडी ठरवत नाही, मालक ठरवतो.

एक उदाहरण घेऊ. १९९८ च्या पिढीत कोरोला आणि प्रिझम दोघींना १.८ लिटरचं नवं अ‍ॅल्युमिनियम इंजिन मिळालं, खुणेचं नाव १झेडझेड-एफई. त्यातल्या सुरुवातीच्या इंजिनांची एक खोड जाणकारांना ठाऊक आहे: पिस्टनवरची तेल परत जाण्याची बारीक छिद्रं बुजत आणि इंजिन ऑइल खायला लागे. दोन शेजारी धरा. दोघांकडे हेच इंजिन, दोघांची डिपस्टिक महिन्याभरात अर्ध्यावर येते. कोरोलावाला म्हणतो, ऑइल बदलायला उशीर केला होता मीच, आता वेळच्या वेळी टाकत जाईन. प्रिझमवाला म्हणतो, तरी मला बायको सांगत होती, शेवरोले घेऊ नकोस. पहिला फॉर्मवर काही लिहीत नाही, दुसरा ‘इंजिन’ या खान्यात खूण करतो. तक्ता छापून येतो तेव्हा त्यात कुणीही लबाडी केलेली नसते.

याच्या जोडीला साधी कारणंही असतात. घेणारा वर्ग वेगळा असतो. सूट देऊन विकलेली गाडी कमी जपली जाते. सर्व्हिसला ती शेवरोलेच्या गॅरेजात जाते, आणि तिथल्या मेकॅनिकला जपानी इंजिनाची सवय असेलच असं नाही. कमी खपणाऱ्या गाडीची उत्तरंही थोडी येतात, मग दहा-पंधरा वैतागलेल्या मालकांनी आकडा हलतो. शिवाय सगळ्या कोरोला फ्रीमाँटच्या नव्हत्या. काही जपानहून येत, त्यांचा क्रमांक जेटी२ ने सुरू होई. काही कॅनडाहून, त्यांचा २टी१ ने. प्रिझम मात्र सगळ्या फ्रीमाँटच्याच. ‘कोरोला विरुद्ध प्रिझम’ अशी तुलना करणाऱ्याने निदान एवढं तरी गाळून घ्यायला हवं. वाद घालणारे सहसा घेत नाहीत.

टीव्हीचं प्रकरण वेगळं, आणि तिथे दोन्ही बाजूंना सारखीच झळ बसली. १९८६ मध्ये ‘६० मिनिट्स’ने ऑडी ५००० आपोआप सुसाट सुटते असं दाखवलं आणि ऑडीची अमेरिकेतली विक्री कोसळली; १९८९ मध्ये सरकारी तपासणीने बोट ठेवलं ते ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबणाऱ्या पायावर. १९९२ च्या नोव्हेंबरात एनबीसीच्या ‘डेटलाइन’ने जनरल मोटर्सच्या पिकअपला आग लागताना दाखवलं. गाडीखाली पेटवणारी उपकरणं बांधली होती हे उघड झाल्यावर फेब्रुवारी १९९३ मध्ये वाहिनीला जाहीर माफी मागावी लागली, वृत्तविभागाच्या प्रमुखाला खुर्ची सोडावी लागली. एकदा जर्मन, एकदा अमेरिकन. टीव्हीला आगीचं चित्र हवं असतं, गाडीचा पासपोर्ट तो बघत नाही.

देशी म्हणजे कोणती?

वादात हा प्रश्न कुणी विचारला की दोन्ही बाजू चिडतात. फ्रीमाँटची कोरोला अमेरिकन युनियनच्या कामगारांनी बनवलेली. मग युनियनच्या आवारात ती लावायला हरकत का? १९८७ पासून फोर्डची मर्क्युरी ट्रेसर मेक्सिकोतल्या एर्मोसियोमध्ये माझदाच्या आराखड्यावर बनत होती. ती लावली तर चालते का?

कायद्याने तर आणखी थट्टा केली. इंधनखपतीच्या नियमांत प्रत्येक कंपनीच्या ‘देशी’ आणि ‘आयात’ गाड्यांची सरासरी वेगवेगळी काढली जाई, आणि अमेरिका-कॅनडातला माल ७५ टक्क्यांच्या खाली गेला की गाडी आयात ठरे. क्राउन व्हिक्टोरिया ही फोर्डची अवाढव्य, पेट्रोल पिणारी सेडान. अमेरिकन पोलिसांची गाडी म्हटलं की डोळ्यांपुढे येते तीच. फोर्डने तिचे काही भाग बाहेरून घेतले आणि तिला आयात गाड्यांच्या गटात ढकलली, कारण तिथल्या छोट्या, काटकसरी गाड्यांमुळे सरासरी सावरत होती. बनत होती ती कॅनडात. कागदोपत्री ती परदेशी.

१९९४ पासून नव्या गाडीच्या काचेवर अमेरिका-कॅनडातल्या भागांची टक्केवारी आणि जोडणीचं ठिकाण छापणं सक्तीचं झालं. वाद त्याने मिटेल असं कुणाला वाटलं असेल तर ते भोळं होतं. टक्केवारीसाठी कुणी भांडत नसतं.

पेडल

प्रिझमनंतर फ्रीमाँटला नवी जुळी मिळाली, जनरल मोटर्सच्याच दुसऱ्या एका नावाची: पॉन्टिअ‍ॅक व्हाइब. तिची बहीण टोयोटा मॅट्रिक्स कॅनडात बनायची. म्हणजे आता ‘अमेरिकन’ बिल्ल्याची गाडी कॅलिफोर्नियाची आणि ‘जपानी’ बिल्ल्याची ओंटारिओची. व्हाइबलाच उजवीकडे स्टिअरिंग बसवून टोयोटा व्होल्ट्झ नावाने जपानला धाडलं जाई. तिथे टोयोटाचं नाव असूनही ती चालली नाही, दोनेक वर्षांत २००४ मध्ये बंद झाली. बिल्ल्याने सगळं होतं असं म्हणणाऱ्यांनी, म्हणजे वरचं सगळं लिहिणाऱ्या मीही, व्होल्ट्झ विसरू नये.

२००९ मध्ये जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली, पॉन्टिअ‍ॅक हे नाव संपवलं आणि फ्रीमाँटमधून अंग काढून घेतलं. सरकार तिचं बहुसंख्य मालक झालं. त्याच हिवाळ्यात टोयोटावर आभाळ फाटलं. आधी पायाखालच्या मॅट पेडलमध्ये अडकतात म्हणून गाड्या परत बोलावल्या, मग जानेवारी २०१० मध्ये अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल चिकटतं म्हणून. फेब्रुवारीत परिवहन मंत्री रे लाहूड यांनी अशा गाड्या चालवूच नका असं म्हटलं आणि त्याच दिवशी ते शब्द मागे घेतले. नासाच्या तज्ज्ञांनी इलेक्ट्रॉनिक्स तपासून २०११ मध्ये अहवाल दिला की बेफाम सुटण्याचं कारण त्यात सापडत नाही. कंपनी निर्दोष सुटली असं मात्र नाही. ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल २०१४ मध्ये तिने १२० कोटी डॉलर मोजले.

त्या महिन्यांत वादाच्या जागा कशा अलगद बदलल्या ते पाहण्यासारखं होतं. माध्यमं पक्षपाती आहेत, सरकार स्वतःच्या कंपनीला वाचवायला परक्याचा बळी देतंय, असं आता टोयोटावाले म्हणत होते. वीस वर्षं तेच वाक्य ऐकवणारे देशी गाड्यांचे कैवारी म्हणत होते, आगीशिवाय धूर निघत नाही.

आणि चिकटणारं पेडल? ते सीटीएस नावाच्या कंपनीकडून घेतलेलं होतं, तेव्हाचं मुख्यालय इंडियाना राज्यातलं एल्कहार्ट. परत बोलावलेल्या गाड्यांच्या यादीत कोरोला होती, मॅट्रिक्स होती, आणि तळाशी एका ओळीत २००९ आणि २०१० ची पॉन्टिअ‍ॅक व्हाइब. दुरुस्ती म्हणजे पेडलच्या सांध्यात बसणारी स्टीलची एक छोटी चपटी पट्टी. १ एप्रिल २०१० ला फ्रीमाँटच्या लाइनवरून शेवटची गाडी उतरली. लाल कोरोला होती ती.